कोंडा, खोबरेल आणि गवती चहा

आमच्या घरी रविवार हा न्हाण्याचा वार. शनिवारी रात्री आई लोखंडी पळीत खोबरेल कोमट करायची, आम्हा तिघी बहिणींना ओळीने पाटावर बसवायची आणि टाळूवर तेल थापून बोटांनी असे काही जिरवायची की डोळे आपोआप मिटत. सकाळी शिकेकाई. तिच्यात रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणि गव्हला-कचोरा. डोळ्यांत गेली की आग आग व्हायची, पण दिवसभर केसांना मंद वास येत राहायचा. आज आई ऐंशीच्या घरात आहे. पळी तीच आहे. पाटावर बसणारी मात्र बदलली. शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारी माझी भाची आता तिथे बसू लागली.

गेल्या वर्षी एका शनिवारी ती पाटावरून उठून गेली. "आजी, आता पुरे. तुझ्या तेलानेच होतंय हे सगळं!"

'हे सगळं' म्हणजे कोंडा. भाची तेव्हा बारावीत होती. काळा कुर्ता घालून कॉलेजात गेली होती आणि एका मैत्रिणीने चारचौघांत तिचा खांदा झटकून काहीतरी विनोद केला होता. विनोद काय होता ते तिने आम्हाला कधी सांगितले नाही. पण त्यानंतर तिने गडद रंगाचे कपडे घालणे सोडले, केस घट्ट बांधून ओढणी डोक्यावर घ्यायला लागली आणि स्नेहसंमेलनाला गेलीच नाही. कोंड्याने कोणी मरत नाही हे खरे. पण सतराव्या वर्षी माणूस कशाकशाने खचतो, हे आपण मोठी झाल्यावर विसरतो.

आईचे मत अगदी उलट. "तेल नाही म्हणून कोंडा होतो. डोकं कोरडं पडलंय तिचं. आमच्या वेळी कुणाला होत होता कोंडा?" आजी आणि नात दोघी एकमेकींशी तुटक बोलू लागल्या. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलेले. साहजिकच न्यायाधीशपद माझ्याकडे आले. आणि न्यायाधीशानेच पहिला गुन्हा केला.

झाले असे की, टी ट्री नावाच्या झाडाचे तेल कोंड्यावर चांगले असते, एवढे मी कुठेतरी वाचले होते. घरात त्याची एक अर्धी बाटली होती, न्हाणीघराच्या खिडकीत ऊन खात वर्षभर पडलेली. लेबलावर 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' असे दोन्ही शब्द होते. मी ते तेल तसेच, कशातही न मिसळता, कापसाच्या बोळ्याने भाचीच्या टाळूला चोळले. दोन दिवसांनी तिच्या कानांमागे आणि मानेवर लालभडक पुरळ उठले, त्यातून पाणी वाहू लागले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तपासून औषध लिहून दिले आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नैसर्गिक म्हणजे सौम्य, असं कोणी सांगितलं तुम्हाला? बिब्बासुद्धा नैसर्गिकच असतो की!"

बिब्बा उतलेला मी लहानपणी पाहिला आहे. मान खाली घालून घरी आले आणि ज्या विषयाची पदवी मिरवली त्याची पुस्तके पुन्हा उघडली. त्यातून जे हाती लागले ते इतर घरांतल्या आज्या, नाती आणि मावश्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून हा लेखनप्रपंच.

सगळ्यांच्याच डोक्यावरची बिऱ्हाडकरू

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. एरवी हे कण इतके बारीक असतात की दिसतही नाहीत. कोंडा होतो तेव्हा हे काम घाईघाईने चालते, पेशी नीट सुट्या होण्याआधीच पुंजक्या-पुंजक्यांनी गळतात आणि आपल्याला पांढरे पापुद्रे दिसतात. आयुर्वेदात सुश्रुतसंहितेने क्षुद्ररोगांमध्ये 'दारुणक' म्हणून जे वर्णिले आहे, ते बरेचसे हेच. म्हणजे 'आमच्या वेळी' काय, सुश्रुताच्या वेळीही कोंडा होताच.

या घाईमागे एक सूक्ष्म बुरशी आहे. फ्रान्समधील लुई-चार्ल्स मॅलॅसे यांनी १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांत ती पाहिली आणि १८८९ मध्ये त्यांच्याच नावावरून तिला 'मॅलॅसेझिया' असे नाव मिळाले. ती बाहेरून येत नाही, कंगव्यातून 'लागत'ही नाही. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर तिचे बिऱ्हाड असतेच. तिचे अन्न म्हणजे स्निग्ध पदार्थ. २००७ मध्ये तिच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा असे दिसले की स्वतःची मेदाम्ले स्वतः बनवण्यासाठी लागणारे जनुकच तिच्याकडे नाही. तिला ते आयतेच लागते. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची तर पोषक थरावर ऑलिव्हचे तेल पसरावे लागते, ते याचमुळे.

आपल्या तैलग्रंथींतून जे तेल स्रवते ते ही बुरशी आपल्या विकरांनी फोडते, त्यातला हवा तो भाग खाते आणि नको तो मागे टाकते. मागे राहिलेल्यांतले एक म्हणजे ओलेइक आम्ल. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोक्यावर नुसते ओलेइक आम्ल लावून पाहिले. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती होती त्यांच्या डोक्यावर पापुद्रे उठले, ज्यांना नव्हती त्यांना काहीही झाले नाही. म्हणजे बुरशी सगळ्यांकडे, पण तिच्या उष्ट्याचा त्रास ठरावीक लोकांनाच. वयात येताना तैलग्रंथी जोमाने कामाला लागतात, म्हणून कोंड्याची तक्रार नेमकी त्याच वयात सुरू होते. यात अस्वच्छतेचा दोष नाही, हे मी भाचीला पहिल्यांदा सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, हे त्या मैत्रिणीला कोणीतरी सांगायला हवं होतं."

खोबरेलाचा खटला

आता आईचे खोबरेल. बुरशी तेलावर जगते हे कळल्यावर भाचीने खटला जिंकला असे वाटेल. पण तसे नाही. तेला-तेलांत फरक असतो. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर, खोबरेलात जेमतेम. खोबरेलाचा जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा असतो. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना-विंचरताना केसांतून होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने तसे होत नाही. भोपाळच्या 'आयसर' संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये भारतीय स्त्रियांच्या डोक्यावरील सूक्ष्मजीवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही खोबरेलाच्या वापराने टाळूवरचे निरोगी सूक्ष्मजीव वाढीला लागल्याचे दिसले.

मग चुकते कुठे? चुकते ते आधीच पापुद्रे आणि खाज असलेल्या टाळूवर तेलाचा थर रात्रभर ठेवण्यात, आणि ते नीट धुऊन न काढण्यात. तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, दिसेनासे होतात. कोंडा गेला असे वाटते, पण तो जागच्या जागीच असतो. तेव्हा खोबरेल निर्दोष सुटले, पण अटींवर: तेल केसांना, टाळूला नव्हे, आणि न्हाण्याआधी तासभर, रात्रभर नव्हे.

उडून जाणारी तेले

आपण 'तेल' या एकाच शब्दाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी ओळखतो. खोबरेल, तीळ, करडई, निंब यांची तेले बियांतून किंवा फळांतून गाळून काढतात. कागदावर थेंब टाकला तर डाग कायमचा राहतो. ही स्थिर तेले. दुसरी असतात बाष्पनशील तेले. गवती चहाची पात चुरगाळली की जो वास येतो, तुळशीचे पान तोडले की जो बोटांना लागतो, लवंग चावली की जिभेला झिणझिण्या आणतो, तो त्यांचा. पाने किंवा बिया वाफवून, ती वाफ थंड करून हे तेल वेगळे काढतात. याचा कागदावरचा डाग उडून जातो. झाडाला पळून जाता येत नाही. कीड आणि बुरशी यांच्याशी त्याला जागच्या जागी लढावे लागते. ही तेले त्या लढाईतली शस्त्रे आहेत, असे मानतात.

ती बुरशीला मारतात कशी? यातले रेणू लहान आणि मेदप्रिय असतात. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पातळ, स्निग्ध आवरणात ते सहज घुसतात आणि ते आवरण सैल करतात. पेशीला गळती लागते, आतले क्षार आणि द्रव्ये बाहेर पडतात. गवती चहातले सिट्रल, लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल आणि टी ट्रीमधले टर्पिनेन-४-ऑल हे या कामातले ठळक गडी.

हे आपल्याला नवे नाही. ओव्याच्या तेलातून पांढरे स्फटिक पडतात, त्यांना आपल्याकडे 'ओव्याचे फूल' म्हणतात. तेच थायमॉल. पहिल्या महायुद्धाआधी थायमॉल काढण्यासाठी भारतातला ओवा जर्मनीला जात असे. आणि खानदेशाच्या वाचकांना रोशा गवत सांगायला नको. माझे आजोळ त्याच बाजूचे. सांधे धरले की आजी रोशाचे तेल चोळायची, हे आई अजून सांगते. एकोणिसाव्या शतकात खानदेश आणि निमाडात गाळलेले हे तेल मुंबई बंदरातून अरबस्तानमार्गे थेट इस्तंबूलला जात असे आणि तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळले जाई. युरोपात त्याला तुर्की जिरेनियमचे तेल म्हणू लागले आणि खानदेशाचे नाव पुसले गेले. त्या तेलाचा बहुतांश भाग जिरॅनिऑल या द्रव्याचा असतो, आणि तेही प्रयोगशाळेत बुरशीला रोखते.

काचेच्या बशीतून डोक्यावर

इथे मात्र थांबून विचार करायला हवा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी आणि तेल दोन-दोन दिवस एकत्र कोंडून ठेवलेले असतात. आपल्या डोक्यावर शाम्पू दोन मिनिटे असतो आणि मग मोरीतून वाहून जातो. तेल तर तोवर अर्धे हवेतच उडालेले असते. म्हणून बशीत सिद्ध झालेली शेकडो तेले आहेत, पण माणसांच्या डोक्यावर नीट तपासलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यांत पहिला मान टी ट्रीचा. हे झाड ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधले. तिथले बंजलंग आदिवासी त्याची पाने औषधाला वापरत. १९२० च्या दशकात सिडनीच्या संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी हे तेल जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्लाच्या कितीतरी पट प्रभावी असल्याचे जाहीर केले. आपल्या चहाशी त्याचा काही संबंध नाही, जसा गवती चहाचाही नाही. २००२ मध्ये सिडनीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कोंडा असलेल्या १२६ जणांचे दोन गट केले. एका गटाला ५ टक्के टी ट्री तेल असलेला शाम्पू, दुसऱ्याला तसाच पण तेलाविना. रोज लावायचा, तीन मिनिटे ठेवायचा, मग धुवायचा. चार आठवड्यांनी तेलवाल्या गटाचा कोंडा सरासरी ४१ टक्क्यांनी कमी झाला, दुसऱ्याचा ११ टक्क्यांनी.

हे दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत. ४१ टक्के म्हणजे फायदा खरा, पण कोंडा समूळ गेला असे नव्हे. आणि ११ टक्के म्हणजे नुसत्या नियमित धुण्यानेही थोडा फरक पडतो.

दुसरा प्रयोग आपल्या परसातल्या गवती चहाच्या जवळच्या भावंडाचा. थायलंडमध्ये २०१५ मध्ये ३० जणांवर तो झाला. ५, १० आणि १५ टक्के तेल असलेले तीन अर्क दिवसातून दोनदा लावून पाहिले. दोन आठवड्यांत सर्वांत चांगला गुण आला तो १० टक्क्यांच्या अर्काला, सुमारे ८१ टक्के. १५ टक्क्यांचा त्याच्या मागे राहिला. माणसे थोडी, काळ थोडा, म्हणून यावरून डंका पिटायचे कारण नाही. पण एक गोष्ट मी अधोरेखित करून ठेवली: जास्त घातले म्हणजे जास्त गुण येतो, हा हिशेब इथे चालत नाही. मी तर भाचीच्या डोक्यावर १०० टक्के ओतले होते.

आणि तेही शिळे. ही तेले उजेड, ऊन आणि हवा लागली की हवेतला प्राणवायू घेऊन बदलतात आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये त्वचेला अधिक वावडी असतात. माझ्या बाटलीने खिडकीत वर्षभर हेच केले होते. गडद काचेची घट्ट बुचाची बाटली, थंड आणि अंधारी जागा, आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवणे, एवढे तरी पाळावेच. हे तेल पाण्यात विरघळत नाही. बादलीत चार थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि जिथे लागतील तिथे निव्वळ तेलच लागते. कुठलीही नवी वस्तू डोक्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. आणि ही तेले, तसाच कापूर, लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. एवढासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कोंड्यावर खोबरेलात कापूर घालून ठेवणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

बाटलीवरचे पान

अलीकडे दुकानात शाम्पूच्या प्रत्येक दुसऱ्या बाटलीवर हिरवे पान दिसते. त्याला कारणेही आहेत. कोंड्याच्या शाम्पूंत झिंक पायरिथिऑन हे द्रव्य १९६० च्या दशकापासून वापरले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते प्रजननाला घातक ठरल्याने युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांतला त्याचा वापर थांबवला. इतर अनेक देशांत ते चालूच राहिले. पण उत्पादकांनी वनस्पतींकडे मोर्चा वळवायला हे एक निमित्त झाले. मात्र बाटलीवरचे पान मोठे असले म्हणून आतले तेल पुरेसे असेलच असे नाही. मागच्या बाजूला घटक सामान्यतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. झाडाचे नाव सुगंधद्रव्ये आणि रंगांच्या पंगतीत अगदी शेवटी असेल, तर ते वासापुरतेच आहे असे समजावे.

आणि काही वेळा ना पळी कामाची, ना पान. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टे पडून तिथले केस तुटत असतील, तर ती वेगळी बुरशी, आपला नायटा. ती केसाच्या आत शिरलेली असते आणि पोटातून औषध घेतल्याशिवाय जात नाही. जाड, चंदेरी पापुद्रे कपाळावर किंवा कोपरावरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. महिनाभर शाम्पू बदलूनही खाज आणि लाली राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. केटोकोनॅझोलसारखी औषधे शाम्पूतून मिळतात आणि त्यांचा गुण कुठल्याही सुगंधी तेलापेक्षा अधिक चांगला सिद्ध झालेला आहे. भाचीला शेवटी डॉक्टरबाईंनी तोच शाम्पू दिला. टी ट्रीची मात्र तिच्या त्वचेला आता कायमची चीड बसली आहे. तिला ते पुन्हा कधीच लावायचे नाही, अशी ताकीद आहे. ही माझी कमाई.

कोंडा पूर्ण जात नाही, आटोक्यात राहतो. बिऱ्हाडकरूला हाकलता येत नाही, त्याच्याशी जमवून घ्यावे लागते. भाचीने अलीकडे काळा कुर्ता पुन्हा काढला आहे.

आणि आई? तिला वाटले होते, आता आपली पळी माळ्यावर जाणार. मी तिला खटल्याचा निकाल अटींसकट वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "म्हणजे केसांना लावलेलं चालेल ना?"

आता शनिवारची रात्र सुटली, रविवारची सकाळ आली. न्हाण्याआधी तासभर भाची पाटावर बसते, आजी कानांच्या खालून सुरुवात करून टोकांपर्यंत खोबरेल लावते आणि टाळू तेवढी कोरडी सोडते. एखाद्या रविवारी बोटे सवयीने वर सरकतात. भाची म्हणते, "आजी..." आई हात मागे घेते. पण लगेच घेत नाही, आणि भाचीही लगेच म्हणत नाही, हे मी दारातून पाहिले आहे. चहाच्या आधणात मग मी परसातली गवती चहाची दोन पाती टाकते. तिचा तेवढा उपयोग तरी आमच्या घरी निर्विवाद आहे.